हरवले आहेत, शेअर करा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन न हलता उभं राहायचं, एवढंच मला येतं. हल्ली जो तो फोनसमोर नाचत असताना ही काही लहान गोष्ट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका सुताराने मला मुरलेल्या लाकडातून घडवलं, सांध्यांना पितळी चाप बसवले आणि एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी मला विकत घेतलं. मालक गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारत, कॉलर नीट करत, हनुवटी दोन बोटांनी जराशी उचलत. "हसायचं नसेल तर नका हसू. आहात तसे बसा," म्हणत. मग माणूस सैल व्हायचा आणि चेहरा खरा उतरायचा. फोटो पाहून लोक खूश होत, तेव्हा मीही मनातल्या मनात शाबासकी घ्यायचो. मी हललो असतो तर साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं असतं की!

पुढे घरोघरी फोन आले, स्टुडिओ बंद पडला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथून मला बाहेर काढलं ते मालकांच्या चिरंजीवांनी. मला वाटलं, दिवस पालटले. कसचं काय! माझ्या डोक्यावर चिमटा बसवून त्यात फोन अडकवला आणि हे भलेमोठे बाप्ये माझ्यासमोर उड्या मारू लागले. कधी तोंडाला पीठ फासून, कधी बायकोला दारामागून घाबरवून. शेवटी तेच तुणतुणं : "शेअर करा, फॉलो करायला विसरू नका!" मागायचं ते मागायचं, आणि तेही बोट नाचवून. मला शरम वाटायची. त्यांना वाटत नव्हती.

कुणी शेअर करीना. मग चिरंजीवांना शोध लागला, की हरवलेल्या माणसांच्या पोस्ट लोक वाचताक्षणी पुढे पाठवतात. एका सकाळी त्यांनी वडिलांना खिडकीपाशी बसवलं.

"बाबा, जरा उदास बघा ना."

"कशाला रे?"

"प्रकाश मस्त आलाय."

प्रकाशाचं नाव काढलं की मालक काहीही ऐकत. ते उदास बसले, फोटो निघाला आणि त्याखाली मजकूर पडला : 'माझे वडील हरवले आहेत. त्यांना काही आठवत नाही. शेअर करा. पुढच्या माहितीसाठी मला फॉलो करा.'

पोस्ट गावभर झाली. फॉलोअर वाढताना पाहून चिरंजीव घरभर नाचले. मग त्यांनी 'सापडले, आभार' असंही लिहिलं. ते मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. आनंदाच्या बातमीत लोकांना काय रस?

मालक रोज दुपारी पुलापलीकडे थोरल्या बहिणीकडे जात. ती अंथरुणाला खिळलेली, नजर गेलेली. भाऊ येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवणार, यावर तिचा दिवस उभा असे. आता मालक घराबाहेर पडले की कोपऱ्यावर कुणीतरी दंड धरी.

"आजोबा, चला, घरी सोडतो."

"अहो, मी बहिणीकडे चाललोय. मला सगळं आठवतंय."

"हो हो, बहिणीकडेच जाऊ हं," म्हणत ते त्यांना घरी आणून सोडत. वर दारातच फोन उगारून, "बघा, आजोबांना घरी पोचवलं! फॉलो करा!" एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी ही जमात.

शेवटी बहिणीचा निरोप आला : "भाऊ माझ्यावर रागावलाय का?"

मालकांचा चेहरा पडला. "खरं काय ते लिही," ते मुलाला म्हणाले.

"बाबा, लोक शिव्या घालतील. फॉलोअर तुटतील. थोडं थांबा ना."

"ताईने किती थांबायचं?"

मालकांनी मला मिटून खांद्यावर घेतलं. "याला आता तुझ्याकडे ठेवायचा नाही. चल माझ्याबरोबर. जो अडवेल त्याला तू सांगायचंस."

कोपऱ्यावर फळवाली उठली. "अगंबाई, सापडले वाटतं!"

"हो," चिरंजीव पुटपुटले.

मालक जागचे हलेनात. चिरंजीवांना घाम फुटला. "हरवलेच नव्हते," ते शेवटी म्हणाले. "मी खोटं लिहिलं होतं."

फळवालीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी देवाला हात जोडले होते रे यांच्यासाठी," एवढं म्हणून ती फळं पुसायला लागली. पुढे प्रत्येक कोपऱ्यावर हेच झालं. फोनसमोर न लाजणारा माणूस माणसांसमोर लाल होताना मी खांद्यावरून मनसोक्त पाहिला.

बहिणीची खोली अंधारी. "इतके दिवस कुठे होतास रे?" तिने विचारलं.

मालकांनी मुलाकडे पाहिलं. "आत्या, बाबा येत होते. माझ्यामुळे लोक त्यांना परत पाठवत होते," चिरंजीव म्हणाले. आवाज ओला होता, पण मला पाझर फुटला नाही. बोलतानाही त्यांचा हात खिशातल्या फोनवर होता.

"दे इकडे," मालक म्हणाले. तो फोन त्यांनी माझ्या चिमट्यात अडकवला, त्याची बॅटरी लावली आणि उजेडात वर्तमानपत्र उघडलं. मध्येच फोन थरथरला. मी हललो नाही. चिरंजीवांनी हात पुढे केला.

"उजेडात येऊ नकोस," मालक म्हणाले आणि वाचत राहिले.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, चापांना तेल द्या. मी तुमच्यासाठीही उभा राहीन. फक्त माझ्यासमोर येताना आहात तसे या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माझ्यासमोर बसवाल, तेव्हा कशासाठी बसवताय, ते त्याला खरं सांगा.