समान संधीची खंडेनवमी

शिरवळच्या आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तयार होतात. देशाच्या बाटल्या सांडत नाहीत त्या आमच्यामुळे. राष्ट्रकार्यातला आमचा वाटा एवढाच. मी तिथं स्टोअरला असतो.

एक नंबरचं मशीन लालासाहेब नाना चालवायचे, बसवलं त्या दिवसापासून. नाना म्हसवडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. भोंगा व्हायच्या अर्धा तास आधी येऊन ते मशीन पुसत, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही नव्हते. मिळायचं ते इतकंच, की खंडेनवमीला कारखान्याची पूजा एक नंबरवर व्हायची आणि ती नाना-बनुबाई जोडीनं करायची. बनुबाई फलटणला एसटी बदलून यायच्या. पिशवीत भंडारा आणि स्वतः वळलेला लोकरीचा गोंडा. मानाच्या मेंढ्याला बांधतात तसा तो मशीनला बांधायचा. मग नाना भंडारा उधळायचे आणि परदेशी मशीन दुपारपर्यंत पिवळंधमक होऊन जायचं.

यंदाची शेवटची. डिसेंबरात नाना रिटायर होणार होते.

आणि यंदाच सांगलीहून अमृत सर मॅनेजर होऊन आले. सर अत्यंत न्यायी. न्यायी माणसाची एकच अडचण असते, त्याला अन्याय लागतो. तीन नंबरवरच्या पप्पूनं तो पुरवला.

"सर, दर साली नानाच का? आमी काय देवाचं घोडं मारलंय?"

सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. शिपायापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांच्या, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात. निघाली प्रांजलची. ही जूनमध्ये अकाउंट्सला लागलेली पोरगी. एक नंबरचं मशीन कुठलं, हे तिला बोट करून दाखवावं लागलं. पण अन्याय झाला असं कोणाला म्हणता येईना, म्हणून टाळ्या झाल्या. नानांनीही वाजवल्या. पप्पू मात्र रुसला. न्याय म्हणजे आपलं नाव निघणं, अशी त्याची समजूत होती.

सरांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. "नाना, तुम्ही समजूतदार आहात."

आमच्याकडे असं कोणाला म्हटलं, की त्याचं काहीतरी गेलं हे ओळखावं.

संध्याकाळी नानांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला. सांगायलाच लावला होता. पलीकडून बनुबाईंचा आवाज स्टोअरभर. "आवं, गोंडा झाला बरं का! पांढऱ्यात काळी लोकर घातलीया औंदा. लय झ्याक दिसतोय."

"बरं," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

खंडेनवमीला बनुबाई आल्या. नवं हिरवं लुगडं. मशीनपुढच्या पाटावर प्रांजल बसलेली. ती तयारी करत असेल असं त्यांना वाटलं.

"ऊठ गं बाय," त्या मायेनं म्हणाल्या. "आमी बसतो आता."

सगळे एकदम आपापल्या चपलांकडं बघायला लागले. प्रांजल चटकन उठली. "सर, नानांनाच करू द्या ना. मला खरंच..."

"नाही, नाही," अमृत सर गोड आवाजात म्हणाले. "मग बाकीच्यांवर अन्याय होईल."

नानांनी बायकोला दंडाला धरून मागं घेतलं. "ये हिकडं. चिठ्ठी तिची निघालीया."

"कसली चिठ्ठी?"

"गप ऱ्हा."

पूजा यथासांग झाली. पेढे वाटले, प्रत्येकी एक. बनुबाईंनी पिशवी उघडलीच नाही.

त्यांना गाडीत बसवायला नानांबरोबर मीही स्टँडवर गेलो.

"आवं, तुमचं काय चुकलं व्हय?"

"न्हाई."

"मग सायबाचं?"

"न्हाई गं. सगळं बराबर झालं."

बनुबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. कोणाची चूक असती तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. गाडी आली. पिशवी पोटाशी धरून त्या चढल्या.

त्यानंतर नाना भोंग्याबरोबर आत यायला लागले. सवयीनं जाग पूर्वीच्याच वेळी यायची, त्यामुळं पोचायचे अर्धा तास आधीच; पण फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे.

"आत या की नाना," वॉचमन धनाजी म्हणायचा. "गारठा लय हाय."

"भोंगा हू दे रं."

शिस्त सुधारल्याचं अमृत सरांनी वर कळवलं. झाकणं कमी निघायला लागली, तेव्हा पुण्याहून वक्ता बोलावून 'कामातला आनंद' या विषयावर व्याख्यान ठेवलं. नाना पहिल्या रांगेत बसले होते. जागे होते.

नोव्हेंबरात एक नंबरच्या बुडातून तेल ठिबकायला लागलं. नानांनी नियमाप्रमाणे मेन्टेनन्सला कळवलं आणि स्टुलावर बसले. मी पावती घेऊन तिथंच उभा होतो. त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडं गेला. अर्ध्या वाटेत त्यांनी त्या हाताकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं, खाली घेतला आणि मांडीखाली दाबला. मेन्टेनन्सवाला येईपर्यंत ते तसेच बसून होते, मशीनकडं पाठ करून.