दातांनी ऐकलेली ठकठक

तोरगुलचा ट्रक रखनीच्या बाजारातून छुमछुम न करता आला, तेव्हा चहाच्या बाकावरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. बंपरखालच्या साखळ्या उतरवायच्या म्हणजे नवरीच्या अंगावरचे दागिने ओरबाडायचे. इथे ते कुणी हौसेनं करत नाही. तोरगुलनं मात्र साऱ्या साखळ्या गोणीत भरल्या होत्या. ती गोणी त्यानं गॅरेजवाल्या उस्ताद हैबतच्या पुढ्यात आदळली.

"गेल्या खेपेला काय म्हणालात? साखळी वाजते, जा बिनधास्त. घ्या, आता एकही नाही, तरी ठकठक आहेच. ऐका!"

हैबतनं ऐकल्यासारखी मान डोलावली. खरं तर चाळीस वर्षं इंजिनांत राहून त्याचा उजवा कान गेला होता आणि डावाही जायला टेकला होता. इंजिनाची घरघर यायची, तिच्या पोटातली ठकठक यायची नाही. ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही लपवली होती. गेल्या खेपेला काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा साखळ्यांवर ढकलून मोकळा झाला. लबाडच म्हणायचा! पण त्याच्या शब्दावर लोक फोर्ट मनरोचा घाट उतरायचे, आणि ती अब्रू त्याला सोडवत नव्हती.

"टॅपेट असेल, व्हॉल्व्हची किरकोळ टकटक," आपला ट्रक घेऊन रांगेत थांबलेला ड्रायव्हर शाहदाद म्हणाला. "जाऊ दे ना लाला, मुलतानला पोचेपर्यंत तुझ्या द्राक्षांचा शिरका होईल."

"टॅपेट आहे का, उस्ताद? तसं असेल तर निघतो."

हो म्हटलं की सुटका होती. हैबतच्या जिभेवर ते आलंही होतं. तोरगुल मात्र भाबडेपणानं त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"गाडी चालू ठेव," हैबत म्हणाला. तोरगुल केबिनमध्ये चढला.

हैबतनं एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या नळीचा नट सैल केला. ज्याचं बेअरिंग गेलंय, त्याचं डिझेल तोडलं की ठकठक दबते. हैबत इंजिनाकडे नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होता; ठकठक दबली तर ती तिथंच कळणार होती. सहाही नट झाले, कुणाच्या कपाळावरची आठी हलली नाही. म्हणजे दोष बेअरिंगांत नव्हता. मग मागं?

लांब सळी त्यानं इंजिनाच्या मागच्या अंगाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं. काही नाही. सगळे बघत होते. मरो ती अब्रू, असं म्हणून त्यानं डोळे मिटले आणि सळी दातांत धरली.

कवटीत घण बसला.

"क्लच दाब!" तो सळी न सोडताच ओरडला. घण थांबला. "सोड!" पुन्हा सुरू झाला. "बंद कर! आधी खाली उतर, तोरगुल!"

गिअरबॉक्स खाली यायला दुपार कलून असरची नमाज झाली. इंजिनामागचं फ्लायव्हील, म्हणजे गरगर फिरणारं मणभर वजनाचं लोखंडी चाक, आठ बोल्टांवर असतं. पाच तुटले होते, उरलेले हातानं फिरत होते. घाटात ते सुटलं असतं, तर केबिनचा तळ फोडून वर आलं असतं.

तोरगुलनं उस्तादची गचांडी धरली. "आणि तुम्ही मला साखळी सांगितलीत?"

"मला ऐकू येत नाही." हैबत हे जरा मोठ्यानंच बोलला. "उजव्यानं मुळीच नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

चहाचे पेले हातातच राहिले. शाहदाद उठला, आपल्या ट्रकमध्ये चढला आणि पलीकडच्या गॅरेजच्या दिशेनं निघून गेला. हैबतला इंजिन ऐकू आलं नाही, नुसती धूळ दिसली.

तोरगुलनं गचांडी सोडली. बराच वेळ तो गोणीवर डोकं धरून बसला होता. मग उठला, ती सळी उचलली, पगडीच्या टोकानं पुसली आणि हैबतच्या डाव्या बाजूला येऊन कानाशी ओरडला, "द्राक्षं सडली तरी चालतील. गाडीत आणखी काय काय ऐकू आलं नव्हतं, ते सगळं दातांनी ऐका. तोवर मी हलत नाही!"

हैबतनं सळी घेतली. त्याला रडू आवरेना.