चष्म्याआडची प्रार्थना

डबे उघडले गेले, आणि अमोलिकांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. मान खाली घालून दोन बोटांनी डोळे दाबून धरले. बघणाऱ्याला वाटावं, सकाळपासून पंपांच्या गळत्या शोधून माणसाचे डोळे शिणलेत. एक घास गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग चष्मा परत नाकावर आणि हात पोळीकडे. वीसेक वर्षं हे चाललं होतं, आणि आपली ही युक्ती कुणाच्या बापाला कळलेली नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

युक्ती कसली, तर रत्नाकर अमोलिक तेवढ्यात जेवणाबद्दल देवाचे आभार मानून घेत.

आता गंमत अशी, की हाच माणूस रविवारी अंबरनाथ पूर्वेच्या ख्रिस्ती मंडळीत, चर्चमध्ये, पंच म्हणून पुढे उभा राहिला की प्रार्थना आटोपता आटोपत नसे. पाळकसाहेबांच्या गुडघेदुखीपासून राज्यकर्त्यांच्या सद्बुद्धीपर्यंत सगळं तिच्यात यायचं. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेला भात निवायचा आणि पोरं एक डोळा उघडा ठेवून रश्शाकडे बघत बसायची. "देवाला ठाऊक नाही असं काही तरी सांगा," असं त्यांची बायको एस्तेर म्हणायची. पण ते हसण्यावारी न्यायचे. आवाज चांगला होता आणि तो चांगला आहे हे त्यांना माहीत होतं.

कंपनीत मात्र तो आवाज कधी निघाला नाही. नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी साधेपणाने हात जोडले होते, तर कुणीतरी विचारलं, "काय पाववाले, देवानं आज बटर पण दिलंय का?" सगळे हसले. तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून चष्मा आला. विचारणारा कधीच नोकरी सोडून गेला, त्याचं नावही आता आठवत नव्हतं, पण चष्मा राहिला. आणि खरं सांगायचं तर रविवारच्या लांबलचक प्रार्थनेत देव त्यांना क्वचितच भेटायचा. तो भेटायचा इथे, ग्रीसच्या वासात, डोळे दाबलेल्या त्या अंधारात. इतका जवळ, की कधी कधी त्यांच्या अंगावर काटा यायचा. हे त्यांनी एस्तेरलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या बुधवारी जेवणाच्या टेबलाशी अभिजीतसाहेबही होते. तरुण इंजिनीयर, वागायला बरे. पण प्रार्थनेच्या नावाखाली लोकांना बाटवतात असा कुठल्याशा गावाचा व्हिडिओ त्यांनी परवाच सगळ्यांना दाखवला होता. तेव्हा अमोलिकांनी मान डोलावली होती.

एवढ्यात हरिचंद्र आला. तो चामटोली गावचा, त्यांच्याच बरोबरीने इतकी वर्षं पंप उघडत आलेला. त्याची मुलगी तेजस्वी डेंग्यूने उल्हासनगरला हॉस्पिटलात होती. प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या आणि रक्त द्यायला माणसं हवी होती. टेबलाशी बसलेल्या दोघांनी तिथल्या तिथे डबे झाकले आणि ते रक्त द्यायला निघाले. हरिचंद्र जरा टेकला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर.

शेजारी जेवत असलेल्या शिवरामने त्याच्यापुढे आपला डबा सरकवला. हरिचंद्रने तो मागे सारला आणि अमोलिकांकडे बघितलं.

"दादा, तुमी रोज जेवायच्या आधी करता ना, चष्मा काढून... ते आज माझ्या पोरीसाठी करा. मोठ्यानं करा. मना पण ऐकू दे."

अभिजीतसाहेबांनी वर बघितलं. अमोलिकांच्या कानशिलांतून रक्त सळसळलं.

"प्रार्थना? छे रे, कसली प्रार्थना!" ते म्हणाले. "डोळे चुरचुरतात माझे. त्या ॲसिडच्या वाफेनं." आणि वर हसले. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, ते उतरवायचं कसं हे त्यांना सुचेना.

"असं होय," हरिचंद्र म्हणाला. "चुकलं दादा. मना वाटलं..." तो हात जोडून उठला आणि फाटकाकडे चालू लागला. चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय!

शिवराम हरिचंद्रने मागे सारलेला डबा उगाच फिरवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काय राव दादा! आम्ही थांबतो की रोज. तुमचा चष्मा परत चढत नाय तोवर इथं कोण घास मोडत नाय. नवीन माणूस आला की पहिलं हेच सांगतो त्याला. हरिचंद्रनंच लावलीय ही शिस्त."

अभिजीतसाहेबांनी डबा आवरला. जाताना एवढंच म्हणाले, "मी आलो तेव्हा मला पण सांगितलं होतं हरिचंद्रनं."

अमोलिकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण लपलोय असं समजत होतो, आणि ही माणसं पोटात भूक घेऊन आपल्यासाठी गप्प बसत होती. ज्या देवापुढे ही बसत होती, त्याला आपण आज ॲसिडची वाफ म्हणालो! पोळीचा तुकडा हातात होता, तो तोंडात जाईना.

संध्याकाळी बदलापूरला त्यांच्याच बिल्डिंगमध्ये प्रार्थनासभा होती. त्यांनी एस्तेरला फोन केला. "आज दुसऱ्या कुणाला तरी प्रार्थना करायला सांग."

"बरं नाही का तुम्हाला?"

"बराय मी. तोंड नाही मला," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उल्हासनगरला जाताना रिक्षात त्यांनी मनात प्रार्थनेची जुळवाजुळव करून पाहिली. 'हे कृपाळू पित्या' म्हणायचे आणि पुढे गाडी अडायची. आजवर धबधब्यासारखे येणारे सगळे शब्द मंडळीतल्या माणसांसाठी होते की काय, असं त्यांच्या मनात आलं.

हॉस्पिटलच्या दाराशी बसलेला माणूस "चाचा, मिलने का टाइम खतम," म्हणाला, पण कंपनीचा शर्ट बघून त्याने सोडलं. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, हरिचंद्रची बायको बनूबाई जमिनीवर बसली होती. तिला ते कधी भेटले नव्हते, तरी ती उठून उभी राहिली.

"तुमी अमोलिकदादा ना? शर्टावरनं नि चष्म्यावरनं वळखलं. हे खाली दवा आणायला गेलेत." तिने डोळ्यांना पदर लावला. "लय उपकार झाले तुमचे. दुपारी हे सांगत आले, दादांनी आपल्या पोरीसाठी देवाकडं मागणं केलं, मोठ्यानं, साहेबांसमोर. तवा कुठं चार घास खाल्ले मी. कालपासून पाणी उतरत नव्हतं."

अमोलिकांनी भिंतीला हात टेकला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाईला धीर आला असता, आणि हरिचंद्रने त्यांच्यासाठी तीच तर सोय करून ठेवली होती.

"वहिनी, दुपारी नाही केली मी," ते म्हणाले. "त्यानं मागितली आणि मी नाही म्हटलं. लाज वाटली मला."

"कसली लाज?"

"देवाचं नाव घ्यायची. चारचौघांत."

"मंग हे खोटं कशाला बोलले?"

"माझी अब्रू राखली त्यानं."

आतून कुठल्यातरी यंत्राचा टिकटिक आवाज येत होता. बनूबाईने पदर डोक्यावरून घेतला. "मंग आता करा," ती म्हणाली. "पोर आतच हाय."

अमोलिक गुडघे टेकून बसले. शेजारच्या पेशंटची सिंधी माणसं बोलत होती ती थांबली. लाजेने अमोलिकांचा चेहरा भाजत होता, पण आता ती लाज माणसांपुढची नव्हती.

"बापा," ते मोठ्याने म्हणाले, आणि त्यांचा तो नावाजलेला आवाज चिरकला. "ही तेजस्वी. हरिचंद्रची मुलगी. हिला राहू दे. मी आज तुला ओळख दाखवली नाही. त्याची शिक्षा हिला देऊ नको. आणखी काही मला मागता येत नाही."

आमेन म्हणायचं राहूनच गेलं. बनूबाई पुढचं काही येईल म्हणून डोळे मिटून तशीच बसली होती. देव जवळ आहे की नाही हे बघायचा अमोलिकांना धीर झाला नाही.

त्यांनी मान वर केली तेव्हा हरिचंद्र खाली जिन्याच्या वळणावर उभा होता. हातात औषधांची पिशवी होती. भर वर्दळीत त्याने चपला काढून कडेला ठेवल्या होत्या, मान खाली घातली होती, आणि जाणारी-येणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.