दोनशे चौदा नंबरची मुलं

पिओ ओकबुन आजी देगू शहरातल्या त्या कचेरीत दर गुरुवारी यायच्या. जुन्या अनाथाश्रमांच्या वह्या संगणकात उतरवायच्या आणि हरवलेल्या माणसांचा माग काढायचा, एवढंच त्या कचेरीचं काम. आजी बारा वर्षांच्या असताना आईनं अंथरूण धरलं, घरात दाणा नव्हता, म्हणून चार वर्षांच्या धाकट्या भावाला, दोक्सूला, त्यांनीच आश्रमाच्या फाटकाशी नेऊन सोडलं होतं. आतल्या बाईनं त्याच्या सदऱ्याला चिठ्ठी टाचली, ती त्यांनी वाचली होती. दोनशे चौदा.

"नंबर विसरले असते तर बरं झालं असतं गं," त्या म्हणायच्या. "झोप तरी लागली असती."

हे ऐकायला असायची माक ह्येरिम, तिथला डेटाबेस सांभाळणारी. दोनशे चौदा टाकलं की नोंदी शोधून आणणारी तिची क्वेरी एकच ओळ आणायची, एकच फोटो. "हा आमचा नव्हेच. कान बघ याचे, सुपाएवढे!" आजींनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता.

त्या गुरुवारी ह्येरिमनं क्वेरी नीट वाचली. ती लिहिणाऱ्यानं एका नंबराला एकच मूल असं धरलं होतं. पहिली ओळ सापडली की शोध थांबायचा. तिनं ते काढलं आणि ॲरे, म्हणजे यादी, बनवणारं फंक्शन घातलं. एका नंबराच्या असतील तेवढ्या ओळी गोळा करून ते एकाच कंसात ओवतं. एक ॲरे रवानगीच्या वहीतल्या नावांचा, दुसरा फोटोंच्या वहीतल्या फोटोंचा.

पहिल्या कंसात सात नावं आली, प्रत्येकापुढे मूल गेलं तो देश. दुसऱ्यात पाच फोटो. एक मूल परदेशी दत्तक गेलं की त्याचा नंबर पुढच्याच्या गळ्यात, असा आश्रमाचा कारभार.

तिसऱ्या फोटोला आजींनी टेबल घट्ट धरलं. "हाच! भुवईवरची खूण बघ, माझ्याच हातून कढई लागली होती त्याला. माझा दोक्सू!" मग त्यांनी नावांवर बोट ठेवलं. "तिसरा फोटो, तर तिसरं नाव. नॉर्वेला गेला का गं तो?"

"नाही हो आजी. क्रम सांगितला नाही तर फंक्शन हाताला लागेल तसं ओवतं. ह्या तिसऱ्याचा त्या तिसऱ्याशी काही संबंध नाही."

"मग क्रम सांग ना त्याला!"

कशावरून सांगणार? सातही नावांपुढे एकच तारीख होती, एकाच बैठकीत लिहिलेली. नावं आश्रमानं ठेवलेली. फोटोंवर तर नंबराखेरीज काहीच नव्हतं. ह्येरिमनं तासभर वह्यांची पानं उलटसुलट केली.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" साहेब, कू सांगमुक, मागून हळूच म्हणाले. नातं सिद्ध झाल्याशिवाय दत्तक गेलेल्यांचे पत्ते उघड करायचे नाहीत, असा नियम. डीएनए जुळवायला थुंकीचा नमुना आजींनी दोन वर्षांपूर्वीच दिला होता. तो घरच्यांना शोधणाऱ्या मुलांनी परदेशातून पाठवलेल्या कुठल्याच नमुन्याशी जुळला नव्हता.

"म्हणजे त्यानं मला शोधलंच नाही," आजी म्हणाल्या.

"तसं नाही, आजी..."

"तसंच. सोडून जाणारीला कोण शोधतं?"

त्या पुन्हा आल्या नाहीत. ह्येरिमनं फोन केला, तेव्हा भाची म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, आता फोन करू नका."

ह्येरिमनं ती क्वेरी आश्रमाच्या सगळ्या नंबरांवर चालवली. हजाराच्या वर नंबर, त्यातल्या चारशेंच्या कंसात एकाहून अधिक मुलं. नमुन्यांची सोय नव्हती तेव्हा कचेरीनं नुसत्या नंबरावर एकतीस भेटी घडवल्या होत्या. त्यातले बावीस नंबर ह्याच चारशेंत होते.

तिनं ती यादी कू साहेबांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी उठून दार लावून घेतलं. "गळ्यात गळा घालून रडलीत ती माणसं, ह्येरिम. एका म्हातारीला तर आपण भेटवलेल्या मुलानंच अग्नी दिला."

"पण तो तिचा नसेल तर, साहेब?"

"तर खरा कोण, ते सांगता येईल तुला?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग क्वेरी होती तशी कर."

ह्येरिम जागेवर परतली. फंक्शन खोडून पहिल्या ओळीशी थांबायची अट तिनं परत घातली, क्वेरी जतन केली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नव्या अर्जदाराला आत बोलावलं.