हजार मीटरच्या खाली

डोंगर माणसाला नम्र करतात. त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपलं क्षुद्रपण कळतं, मनातला हेवा, मत्सर, अहंकार गळून पडतो आणि माणूस थोडा बरा होऊन खाली येतो. गेबहार्ड मेट्झलरच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नव्हतं, कारण तो वर गेलाच नव्हता.

त्याला तशी गरज वाटत नसे. सरकारी नकाशा खात्यात त्याने चौतीस वर्षं काढली होती आणि खोऱ्यातल्या प्रत्येक शिखराची उंची त्याला मीटरपर्यंत पाठ होती. ज्या डोंगराच्या रेषा आपण स्वतः काढल्या तो चढून बघायचा म्हणजे आपणच सोडवलेलं गणित बोटांवर मोजून पाहायचं, असं तो म्हणे. त्याची बायको ओटिलिया दर बुधवारी आणि शनिवारी बूट चढवून दारात उभी राही आणि विचारी, "येतोस?" तो वर्तमानपत्रामागून म्हणे, "पुढच्या आठवड्यात. डोंगर कुठे पळून जातोय?" डोंगर खरोखरच कुठे गेला नाही. त्याला सहा वर्षं झाली.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, ओटिलिया चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली असताना, टपालाने एक पत्र आलं. खोऱ्याच्या पर्यटन मंडळाने कळवलं होतं की श्री. गेबहार्ड व सौ. ओटिलिया मेट्झलर यांनी खोऱ्यातली छत्तीसच्या छत्तीस ठिकाणं, म्हणजे एकोणीस निरीक्षणस्थळं, सात किल्ले आणि दहा संग्रहालयं, एकत्र पाहून पूर्ण केल्याबद्दल त्यांना कोटाला लावायची सोनेरी पिन देण्यात येत आहे. समारंभ रविवारी सकाळी अकराला, रूकबुर्ग किल्ल्याच्या चौकात. बँड वाजेल.

पहिलं एक मिनिट गेबहार्डला आनंद झाला. आपल्या कामाची कदर उशिरा का होईना झाली, असं त्याला वाटलं. मग त्याने पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि 'एकत्र' या शब्दापाशी तो थांबला.

ओटिलियाला विचारणं सोपं होतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालेलं उत्तर परत देता येत नाही. गेबहार्डने पत्र नकाशांच्या कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दाढीच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून तो बाहेर पडला. दाढीचा डॉक्टर असा काही नसतो. पण घाईत 'दाढेच्या' म्हणायचं ते 'दाढीच्या' झालं, आणि ओटिलियानेही मान वर न करता "सावकाश ये" म्हटलं, हे त्याला जास्त लागलं. बायका संशय घेईनाशा झाल्या की समजावं.

छत्तिसांतल्या हेननश्टाइन या निरीक्षणस्थळाच्या टोकापर्यंत बस जात नाही. शेवटचा पाऊण तास चालावं लागतं. तो चालला. वर पोचला तेव्हा त्याच्या छातीतून नादुरुस्त बाजाच्या पेटीसारखे आवाज येत होते आणि समोर चौदा शिखरं ओळीने उभी होती. त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही. टोकावरच्या क्रूसाखालच्या लोखंडी पेटीतून त्याने शिखरवही, म्हणजे वर आलेल्यांनी सह्या करायची वही, काढली आणि पानं उलटली. गेल्या बुधवारच्या तारखेखाली ओटिलियाची सही होती. तिच्याखाली, सुंदर वळणदार अक्षरात, दुसरी सही होती.

ती त्याची होती. गेबहार्ड मेट्झलर. आणि पुढे लिहिलं होतं, 'हवा स्वच्छ. अप्रतिम.'

गेबहार्डने आयुष्यात कधी 'अप्रतिम' लिहिलं नव्हतं. तो पानं उलटत मागच्या तारखांकडे गेला. जुलैत होता, जूनमध्ये होता, गेल्या वर्षी तर पाच वेळा होता. एका ठिकाणी या दुसऱ्या गेबहार्डने लिहिलं होतं, 'ओटिलियाचा प्लमचा केक या उंचीवर अधिकच चांगला लागतो.' तो केक गेबहार्डला आठवला. त्याच्या वाट्याला एक तुकडा आला होता. बाकीचा चर्चला दिला, असं तिने सांगितलं होतं.

दुसरा कुणी लोरेन्झ, कुणी कार्ल असता तर एक वेळ सोसलं असतं. त्याच्यावर खटला भरता आला असता, किमान त्याला तुच्छ लेखता आलं असतं. पण आपल्याच नावाच्या, आपल्यापेक्षा चांगलं अक्षर असलेल्या आणि आपल्यापेक्षा जास्त केक खाल्लेल्या माणसाचं काय करायचं?

"अरे, बस की जरा, पाणी घे," शेजारच्या बाकावरची एक अनोळखी बाई म्हणाली. तो दचकला. मग आठवलं. हजार मीटरच्या वर 'अहो-जाहो' बंद होतं, तिथे सगळे एकमेकांना 'अरे-तुरे' करतात. खाली उतरलं की पुन्हा 'अहो'. हा इकडचा रिवाजच आहे. हजार मीटरची रेषा कुठून जाते हे खोऱ्यात गेबहार्डइतकं अचूक कुणाला ठाऊक नव्हतं. ती त्यानेच काढली होती. आणि आता त्या रेषेच्या वर कुणीतरी त्याच्या बायकोला 'अगं' म्हणत होतं.

परतताना तो खालच्या गावातल्या भरतकाम संग्रहालयात शिरला. तिथल्या म्हाताऱ्या राखणदारणीला त्याने सहज विचारावं तसं मेट्झलर जोडप्याविषयी विचारलं. बाईंचा चेहरा उजळला. गेबहार्ड म्हणजे काय माणूस आहे, त्या म्हणाल्या. जुन्या शिलाई यंत्राची सगळी माहिती उभ्याने ऐकून घेतो, मधे घड्याळ बघत नाही, आणि जिना उतरताना बायकोला हात देतो. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"नावाने," गेबहार्ड म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला त्याने पत्र सुपाच्या भांड्याला टेकवून ठेवलं. ओटिलियाने ते वाचलं आणि म्हणाली, "अरे वा, झाली का छत्तीस!"

"कोण आहे तो?"

"फिडेल," ती म्हणाली. फिडेल बर्श, पलीकडच्या गावातला, धुराडी साफ करायचा तो. बायको गेल्यापासून एकटाच असतो. तिने सावकाश सगळं सांगितलं. खोऱ्यात सगळीकडे मोफत प्रवेश देणारं वार्षिक कार्ड ती दर वसंतात दोघांचं काढते, कारण गेबहार्ड पुढच्या आठवड्यात येणार असतो. पहिल्या वर्षी कार्डाचा दुसरा अर्धा भाग तसाच वाया गेला. दुसऱ्या वर्षी तिला ते बघवेना.

"म्हणून तू परक्या माणसाला माझं नाव दिलंस?"

"मी कुठे दिलं? कार्डावर आधीच होतं. खाली स्पष्ट लिहिलंय, नाव असलेल्या व्यक्तीनेच वापरावं. फिडेल नियमाचा माणूस आहे. आधी तयारच होईना. मग म्हणाला, वापरायचंच तर नीट वापरू."

"आणि वहीत सह्या?"

"वर गेल्यावर सही करतातच. तिथे फिडेल लिहिलं असतं तर ती फसवणूक झाली असती."

गेबहार्डने सुपाचा एक चमचा घेतला. गार झालं होतं. खरा प्रश्न बाहेर आला तेव्हा तो नकाशा खात्याच्या भाषेत आला. "रूकबुर्गचा किल्ला नऊशे ऐंशी मीटरवर आहे. तिथे तो तुला काय म्हणतो?"

"अगं म्हणतो."

"हजारच्या खाली?"

"नवराबायको एकमेकांना अहो-जाहो करायला लागली तर तिकीट खिडकीवरच्या बाईला संशय नाही येणार?" मग तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बस थांब्यावर उतरलो की तो पुन्हा 'मेट्झलरबाई, बरंय, येतो' म्हणतो आणि टोपी काढतो. तुला काय हवंय, गेबहार्ड? पिन हवी का?"

हवी होती. पिन त्याच्या नावाची होती. आणि बायकोही त्याच्या नावाची होती. दोन्ही ठिकाणी वेळेवर जाऊन उभं राहिलं पाहिजे, एवढं त्याच्या ध्यानात आलं. रविवारी आपण स्वतः जाणार, असं त्याने जाहीर केलं.

शनिवारी फिडेल बर्श घरी आला, दारातच टोपी काढून उभा राहिला. घर सहाशे चाळीस मीटरवर असल्याने त्याने दोघांनाही 'अहो' म्हटलं. उंच, वाळका, सभ्य माणूस. मत्सर करावा असं त्याच्यात अक्षरापलीकडे काही दिसेना, याचाही गेबहार्डला राग आला. फिडेलने त्याला काही सूचना केल्या. तिकीट खिडकीवर रोझिनाबाई असतात, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करावी. चिलखतांच्या दालनात दुसरं चिलखत बघून 'हा माणूस बुटका होता' असं म्हणावं, त्या दर वेळी हसतात. गेबहार्डने काहीही लिहून घेतलं नाही. पण पाठ केलं.

रविवारी किल्ल्याच्या दारात मोठी रांग होती. कार्ड असलेल्यांना समारंभ मोफत, बाकीच्यांना तिकीट. ओटिलियाने खिडकीतून कार्ड आत सरकवलं. रोझिनाबाईंनी ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग गेबहार्डकडे पाहिलं.

"गुडघा काय म्हणतोय?" गेबहार्ड म्हणाला.

"माझा गुडघा तुम्हाला कसा माहीत?" रोझिनाबाई म्हणाल्या. "मेट्झलरबाई, आज मिस्टर कुठे आहेत?"

"मीच गेबहार्ड मेट्झलर."

"हो का? आणि मी महाराणी."

गेबहार्डने ओळखपत्र काढलं. रोझिनाबाईंनी त्याला हात लावला नाही. मेट्झलर या खोऱ्यात पोत्याने आहेत, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक घरात एक गेबहार्ड असतो. कागद कुणीही दाखवतं, मी माणसं ओळखते. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. ओटिलियाला गप्प बसता आलं असतं. पाहुणे आहेत, लांबचे दीर आहेत, काहीही म्हणता आलं असतं, आणि इतक्या वर्षांची भानगड झाकली गेली असती. गेबहार्ड तिच्याकडे बघत राहिला. हेननश्टाइनवर फुलला नव्हता इतका त्याचा श्वास आता फुलला होता.

ओटिलियाने त्याचा हात धरला. "रोझिनाबाई," ती मोठ्याने म्हणाली, "हाच माझा नवरा आहे. सदतीस वर्षं. दुसरा कुणी नाही."

रोझिनाबाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना खिडकीची कड धरावी लागली. "मेट्झलरबाई, तुम्ही पण ना! एवढ्या वर्षांत कधी चेष्टा केली नाहीत, आज पिनच्या दिवशी सुचली." आणि डोळे पुसता पुसता त्यांना रांगेत, दहा माणसांच्या मागे, चांगला कोट घालून उभा असलेला फिडेल दिसला. तो नुसता बघायला आला होता, आणि नियमाचा माणूस असल्याने तिकिटाच्या रांगेत उभा होता. "अहो मेट्झलर! तुम्ही रांगेत कशाला? या, या, आत या. बँड खोळंबलाय."

फिडेल कानापर्यंत लाल झाला. त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण मागच्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती आणि मंडळाचा एक माणूस त्याचं कोपर धरून त्याला पुढे नेत होता. ओटिलियापाशी येताच तो सवयीने म्हणाला, "अगं, आता काय करायचं?"

नऊशे ऐंशी मीटर. गेबहार्डने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"जा," गेबहार्ड म्हणाला. "बुटक्या चिलखतापाशी थांबू नका फक्त."

ओटिलियाने जाताना त्याचा हात सोडायला जरा वेळ लावला. वसंतात कार्ड दोघांचंच काढीन, असं ती म्हणाली. तो "पुढच्या आठवड्यात" असं म्हणाला नाही. मग आत बँड सुरू झाला.

फिडेलची रांगेतली जागा रिकामी झाली होती, तिथे गेबहार्ड उभा राहिला. पाऊण तासाने त्याचा नंबर आला. रोझिनाबाईंनी त्याच्याकडून पूर्ण तिकिटाचे पैसे घेतले, कारण ज्येष्ठांची सवलत रविवारी नसते.