खंडेनवमीला उघडलेलं चक्र

मंगळवारी सकाळी घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसायची. खालच्या रस्त्यापासून मंडळाच्या शेडपर्यंत रांग. हातात नारळ, कडेवर पोरं, आणि उतरणारा चढणाऱ्याला सांगायचा, "फिरतंय रे. तार नाय, काय नाय, नुसतं फिरतंय."

फिरत होतं हे खरं. मीही पाहिलं. भगव्या कापडानं मढवलेला लाकडी चौथरा, त्यावर पुरुषभर उंचीचं लोखंडी चक्र. चक्राच्या पट्ट्यावर डायनामो फिरायचा, डायनामोच्या तारा मोटारीला जायच्या, आणि मोटार पुन्हा चक्र फिरवायची. वर तीन दिवे लखलखत. विजेचे खांब आमच्याकडे खालच्या रस्त्यावरच संपायचे, वस्तीत रॉकेलच्या चिमण्या. अशा ठिकाणी भर दिवसा दिवे जळताना पाहून माणसं हात जोडणार नाहीत तर काय करतील?

चक्राशेजारी मृगाजिनावर शक्तिनाथ महाराज. तुळतुळीत दाढी केलेली, मनगटात सोनेरी पट्ट्याचं घड्याळ.

"वीज कंपनी बिल पाठवते. ब्रह्मांड बिल पाठवतं का?" महाराज विचारायचे. "मोटार डायनामोला देते, डायनामो मोटारीला देतो, आणि जे उरतं ते प्रसाद म्हणून दिव्यात पडतं. परमाणू म्हणजे काय? परम अधिक अणू. परम कोण?"

"परमेश्वर," सगळे एका सुरात.

मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा देऊन मोकळा झालो असतो. इथे मात्र मोठी मोठी माणसं मान डोलावत होती, आणि त्यातली निम्मी उभा जन्म यंत्रांत काढलेली होती. त्याचाच मला जास्त राग यायचा.

हे चौऱ्याऐंशी साल. गिरण्यांचा संप होऊन पावणेतीन वर्षं होत आली होती. आमच्या वस्तीतले बहुतेक एकाच गिरणीतले, आणि त्या गिरणीचा दरवाजा बंद. कोणी भाजी विकायचा, कोणी वॉचमनची काठी धरायचा, कोणी नुसता ओट्यावर बसून असायचा. अशांना महाराज सांगत होते, "दसऱ्यानंतर अशी वीस चक्रं. प्रत्येक चक्रावर कापड विणायचे साचे. मालक नाही, बिल नाही, टाळेबंदी नाही. तुमचा साचा तुमच्या हाती."

अट एकच होती. गिरणीचा पास होमात टाकायचा. जुन्या मालकाचं बंधन जळाल्याशिवाय नवी शक्ती हाताला चढत नाही म्हणे.

पास म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. फोटो, खातं आणि नंबर असलेला चार बोटांचा पुठ्ठा. पण गिरणी उद्या उघडली तर आत जायला तोच, आणि हक्काचं काही मागायचं झालं तर हा माणूस इथे राबला याचा पुरावाही तोच. बायका तो तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवायच्या. तीन मंगळवारांत आठ जणांनी पास जाळले. पहिला दशरथ परब.

महाराजांची चलाखी माझ्या फार उशिरा लक्षात आली. पास जाळलेला माणूस महाराजांना खोटं म्हणणार कसा? तसं म्हटलं तर पास फुकट जळाला हे त्याला आधी कबूल करावं लागतं. होमातल्या प्रत्येक पासामागे महाराजांना एक वकील मिळत होता, तोही बिनपगारी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रुक्मिणीवहिनी माझ्या दारात आल्या. सहदेव तांबे, साचेखात्यातला फिटर, त्यांचे यजमान. महाराजांनी सहदेवदादाला 'यंत्रपाल' केलं होतं. रोज सकाळी तो गिरणीतली निळी पँट घालून शेडवर जायचा, चक्राला तेल द्यायचा, कान लावून ऐकायचा.

"भावजी, ह्यांनी पास डब्यातून काढला," वहिनी म्हणाल्या. "उद्या होमात टाकणार म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुम्ही शिकलेले, तुम्ही काहीतरी करा."

मी सहदेवदादाकडे गेलो. तो ओट्यावर पाना पुसत बसला होता.

"दादा, तू फिटर आहेस. मोटार जेवढी शक्ती घेते तेवढी तरी डायनामोतून परत येते का रे?"

"मास्तर, तुमचा पुस्तक वेगळा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"आणि चक्र तीन तासांनी थांबतं कशाला?"

"महाराज विश्रांती देतत."

त्या विश्रांतीचाच मला संशय होता. रोज दुपारी महाराजांचा शिष्य कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड हातगाडीवरून खाली न्यायचा आणि सकाळी वर आणायचा. विचारलं तर म्हणे, गंगाजलाचा कलश. दुसरी गोष्ट चौथऱ्याच्या भगव्या कापडाची. त्याच्या खालच्या कडेला बारीक बारीक भोकं होती, कडा तपकिरी पडलेल्या. माझ्या प्रयोगशाळेतल्या कोटाला अगदी तशीच आहेत. उंदराची नव्हेत, अॅसिडच्या थेंबांची.

पण चौथरा उघडायचा कसा? महाराज रोज सकाळी चक्राला हळदकुंकू वाहायचे, आणि पूजा झालेल्या यंत्राला पाना लावायचा नाही हा गिरणीतला रिवाज. एवढे फिटर, मुकादमी करणारे जॉबर, साचेवाले भोवती असून कोणी बोट लावत नव्हतं ते यामुळे. यांची श्रद्धा कुठे दुखते ते त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

रात्रभर विचार केला आणि मला माझे वडील आठवले. ते रिंगखात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर होते. साचेखात्यात त्या काळी विटाळ मानून आम्हा लोकांना घेत नसत. पण खंडेनवमीची रीत दोन्ही खात्यांत एकच होती: आधी यंत्र थांबवायचं, उघडायचं, रॉकेलनं लख्ख धुवायचं, मगच हळद. मळक्या यंत्राची पूजा कोणी करत नसे.

सकाळी शेड खचाखच भरली होती. होम पेटला होता, झेंडूच्या माळा लागल्या होत्या. महाराजांनी कुंकवाचा करंडा उचलला तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "महाराज, आज खंडेनवमी. चक्र धुतलं का?"

"हे स्वयंशुद्ध आहे बालका."

मी चाळिशीचा. तरी बालका.

"स्वयंशुद्ध असेल. पण आमच्याकडे उघडून धुतल्याशिवाय हळद लावत नाहीत. विचारा यांना."

गर्दीत कुजबुज झाली. मग जो बोलला तो दशरथ परब, पास जाळणाऱ्यांतला पहिला. "महाराज, मास्तरचं बरोबर आहे. आमचा जॉबर तर बोट फिरवून बघायचा. काळं लागलं की पूजा बंद."

"पाना लावाल तर शक्तीचा कोप होईल," महाराजांचा आवाज चढला.

"पूजा व्हायचीय अजून," मागून एक म्हातारा म्हणाला. "पूजेआधी पाना चालतो. उलट लावायलाच हवा."

सगळे सहदेवदादाकडे बघू लागले. त्यानं चक्र थांबवलं, पाना घेतला आणि खाली बसला. चौथऱ्याचे चार बोल्ट त्यानं सावकाश सोडवले. मला तेव्हा वाटलं, हा सावकाशपणा भक्तीचा. कापड निघालं, फळी निघाली.

आत ट्रकच्या दोन बॅटऱ्या. फळीतल्या भोकातून तारा थेट मोटारीला.

पुढची माणसं वाकून आत बघू लागली. महाराज मात्र अर्ध्या मिनिटात सावरले. त्यांची तेवढी तारीफ केली पाहिजे. "आयांनो, दुधाला विरजण लागतं की नाही? हे विरजण आहे. बीजशक्ती. एकदा लागलं की पुढे ब्रह्मांड चालवतं."

"झकास," मी म्हणालो. "दही लागलं की विरजणाची वाटी बाजूला ठेवतात. ठेवू या."

मी बॅटऱ्यांच्या तारा काढल्या. चार धट्ट्याकट्ट्या माणसांना चक्र हातानं जोरात फिरवायला लावलं आणि सोडायला सांगितलं. दिवे लागले. दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. मी मोठ्यानं आकडे मोजू लागलो. सहाला दिवे तांबडे झाले, नवाला विझले, एकोणिसाला चक्र थांबलं.

"आता मोटारीला हात लावून बघा," मी म्हणालो. दशरथनं लावला आणि झटकन काढला. "हा चटका कुठून आला? बॅटरीत रसायनाची शक्ती. तिची वीज झाली, विजेचं फिरणं झालं, फिरण्याची पुन्हा वीज, विजेचा उजेड. प्रत्येक वळणावर थोडी शक्ती अशी ऊब होऊन हवेत जाते. ती नष्ट होत नाही, पण परतही येत नाही. मोटारीला शंभर दिले तर चक्रापर्यंत सत्तर पोचतात. त्या सत्तरातले डायनामो चाळीस-पन्नास परत देतो. बाकीचे घालणार कोण? पिठाच्या गिरणीत किलोभर दळण दिलं तर सव्वा किलो पीठ येतं का? चिमूटभर कमीच येतं ना?"

पटत होतं. मला चेहऱ्यांवर दिसत होतं. आणि नेमकं तेच पुष्कळांना सहन होत नव्हतं.

"मग आमचे पास?" दशरथ हळूच म्हणाला.

उत्तर दिलं ते महाराजांनी.  "शक्ती होती रे. सहदेवानं पाना लावला आणि ती गेली."

दशरथला हेच हवं होतं. हे धरलं तर त्याचा पास फुकट गेला नव्हता, कोणीतरी पाप केलं होतं. तो सहदेवदादाच्या अंगावर गेला. "तू उघडलंस. वाट लावलीस आमची."

"शक्ती बिक्ती नाय हुती रे दशरथा," सहदेवदादा बसल्या जागेवरून म्हणाला. "माका पयल्याच दिवशी कळला. मोटारीक वीज देणाऱ्या डायनामोचो आवाज जड असता. ह्यो हलकोच फिरा हुतो, मोटारीक वीज दुसरीकडसून येय हुती. कान लावल्यावर फिटराक कळता."

"तुला कळलं होतं?" आता मी विचारलं.

"हां मास्तर. पण पावणेतीन वर्सां माका कोणी फिटर म्हणान हाक मारूक नाय. ह्या माणसान मारली. हातात पाना दिल्यान. माका वाटला, अजून एक दिवस, अजून एक दिवस."

"आणि मी पास टाकला तेव्हा?" दशरथचा आवाज चिरकला. "तेव्हा कुठे बघत होतास?"

"तुझ्याकडेच."

सहदेवदादा उठला. खिशातून पास काढला, एकदा फोटोकडे पाहिलं. रुक्मिणीवहिनी गर्दीतून ओरडत पुढे आल्या. मीही धावलो. त्यानं पास होमात टाकला तेव्हा आम्ही दोघं हातभर अंतरावर होतो. पुठ्ठा जुना होता, लगेच पेटला.

"आता तुझा-माझा बरोबर झाला," तो दशरथला म्हणाला.

मी शिकवलेलं सगळं तिथे बरोबर होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ज्या एका पासासाठी मी चौथरा उघडायला लावला तोच जळाला, आणि तो जाळायला लागणारं दुःख मीच त्याच्या हातात दिलं, हे मला अजून बोचतं.

महाराज दोन दिवसांत डोंगर उतरले. कोणी पोलिसांत गेलं नाही, पास जाळलेले तर नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात गिरणी अर्धीमुर्धी उघडली. दरवाज्यावर पास मागत होते. दशरथ तीन दिवस तिथे उभा राहून परत आला. आता तो मला रस्त्यात ओळख देत नाही. चक्र फिरत होतं, मास्तरनं बंद पाडलं, असं तो अजून सांगतो.

सहदेवदादा स्टेशनाजवळच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात लागला. परवा गेलो तर त्याच्या निळ्या पँटीला बारीक बारीक भोकं पडली होती. कोपऱ्यात ट्रकच्या दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, शेजारी घडी केलेलं भगवं कापड.

"त्याच?" मी विचारलं.

"त्याच. आता गोवंडीत फिरता चक्र. रोज येतत."

"आणि तू भरून देतोस?"

"देतंय. मालक सांगता." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपसूक भरणत नाय ना मास्तर त्यो."

मी गोवंडीला जाऊन आलो. रांग कचऱ्याच्या डंपिंगच्या रस्त्यापर्यंत होती. मी बोलू लागलो तर मला बाजूला ढकललं. पुन्हा जाईन. फार फरक पडेल असं वाटत नाही.

म्हणून इथे लिहून ठेवतो. आपोआप चालणारं काही दिसलं, मग ते चक्र असो, दिवा असो की माणूस, तर एवढंच विचारा: आत काय जातंय आणि कुठून? उत्तर मिळेपर्यंत खिशातला पास खिशातच राहू द्या.