चौथा ठोका

“हिचा शिक्का शाईच घेत नाही,” आमचे हे उपम्याची बशी खाली ठेवत म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. सकाळपासून श्रीरंजनीच्या खोलीतून एकच आवाज चालला होता, धप् धप् धप् धप्. आमची लेक चेन्नईबाहेर सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि रविवारी दार लावून गाणी रचते. कॉम्प्युटरमध्ये आयते ताल मिळतात म्हणे, लूप म्हणतात त्याला. उचलायचा, गाण्याखाली ठेवायचा, की झालं. पण आज काही केल्या जमत नव्हतं आणि दुपारपर्यंत गाणं पाठवायचं होतं.

ह्यांनी तिचं दार ढकललं तशी मी मागोमाग धावले. मागच्या खेपेला “अप्पा, तुम्हाला ह्यातलं कळत नाही,” असं तिनं तोडून टाकलं, तेव्हा हे दोन दिवस धड जेवले नव्हते. एग्मोरच्या पोस्टात छत्तीस वर्षं पत्रांवर शिक्के मारलेला माणूस! कुणी विचारलं तर मीसुद्धा नुसतं “पोस्टात होते” म्हणून विषय बदलायची. खोटं कशाला बोलू?

“श्री, तीन पत्रं झाली की शिक्का शाईच्या पॅडवर जातो,” हे म्हणाले. “तुझा जातच नाही.”

“अय्यो अप्पा, हे मिडी आहे, कॉम्प्युटरचं वाजवणं, पोस्ट नव्हे!”

“असू दे की. चारही ठोके सारखेच? पॅडवर कुणी एवढ्या जोरानं मारतं का? शाई उडेल तोंडावर!”

तिला हसू फुटलं. हसत हसतच तिनं पडद्यावरचा दर चौथा ठोका हलका केला आणि गाणं लावलं. काय सांगू! इतका वेळ एका जागी आपटत बसलेलं ते गाणं चक्क चालायला लागलं.

श्री सरसावून बसली. “अप्पा, पॅडवर हात किती थांबतो?”

“थांबत नाही गं. जरासा रेंगाळतो.”

“मग तुम्हीच वाजवा. ” तिनं छोटा कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. “ही पट्टी पत्राची, ही पॅडची.”

ह्यांनी बाह्या वर केल्या. पहिल्यांदा बोट घसरलं, तसे माझ्यावरच ओरडले, “तू जा बघू आत!” मी कुठली जातेय! दुसऱ्यांदा मात्र असा ठेका धरला की ह्या वयात माझा पाय हलायला लागला. श्रीनं नेमका तेवढा तुकडा कापला आणि अख्ख्या गाण्याखाली अंथरला. आता लूप ह्यांचाच.

गाणं संपलं, ह्यांनी बाह्या खाली केल्या. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी तिथं छत्तीस वर्षं वाजवतच होतो की!”

श्रीनं नावं टाइप केली: गायन श्रीरंजनी, ताल वादिराज. ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“पुढे पोस्ट ऑफिस, एग्मोर, असं घाल,” ते म्हणाले.

श्रीनं माझ्याकडे पाहिलं.

“घाल,” मी म्हणाले. “आणि शिक्के मारायचे, तेही घाल.”